हद्दीत आलेलं जहाज

४ फेब्रुवारी
घरून

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद तुला, शिव्या तुझ्या पत्राला. "मी मजेत, हवा बरी, जेवण ठीक." एवढंच लिहायचं होतं तर पाकीट कशाला चिकटवलंस? फोनवर तू "हो", "बरं", "जेवलो" यावरच सगळं बोलणं उरकतोस, म्हणून तर मी पत्रांचा हट्ट धरला. आणि इथेही तेच! जहाजावर सेकंड ऑफिसर झालास, नकाशे आखतोस, आणि मावशीला चार ओळी लिहायच्या म्हटलं की तुझं पेन रुसतं.

आता माझी बातमी ऐक. मला एक जहाज पकडायचंय!

तू म्हणशील, त्यात नवीन काय, मावशीचा धंदाच तो. शाळेत तू सांगितलं होतंस, "माझी मावशी जहाजांना बेड्या घालते," आणि बाईंनी तुझ्या आईला भेटायला बोलावलं होतं. पण ही गोष्ट वेगळी आहे. आजवर आम्ही लढायचो ते जुन्या, ठिगळं लावलेल्या कायद्यावर. आपल्या कोर्टाला अधिकार आहे की नाही यातच निम्मा जन्म जायचा, आणि तोवर जहाज पसार. आता नवा कायदा आलाय. कशासाठी जहाज अडवता येईल ते त्यात स्वच्छ लिहिलंय, आणि जहाजावर जायबंदी झालेल्या माणसाचा दावाही त्यात आहे. शिवाय ज्या जहाजावर घडलं ते हाती लागलं नाही, तर त्याच मालकाचं दुसरं जहाज, म्हणजे त्याचं भावंड, धरता येतं. ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

माझा अशील पंपमन आहे. टँकरवरचे पंप सांभाळायचा. जहाज धक्क्याला बांधताना जुना दोर तुटला आणि त्याच्या पायावर बसला. गुडघ्याखालचा पाय गेला. नवा दोर पाठवा म्हणून जहाजावरून पुन्हा पुन्हा कळवलं होतं, कुणी ऐकलं नाही. अपघातानंतर मालकाने ते जहाज भंगारात काढलं, कंपनी बंद केली आणि हात झटकले. आता जखम पुन्हा चिडलीय. डॉक्टर म्हणतात, मोठी शस्त्रक्रिया लवकर केली तर गुडघा वाचेल, कृत्रिम पाय बसेल, माणूस चालेल. उशीर झाला तर गुडघाही जाईल.

तो ऑफिसात आला की खुर्ची फिरवतो आणि खिडकीकडे पाठ करून बसतो. माझ्या खिडकीतून बंदर दिसतं ना. अपघातापासून त्याने समुद्राकडे पाहिलेलं नाही. मी पडदा ओढायला उठले तर म्हणाला, "राहू द्या बाई, तुम्हाला उजेड लागतो."

त्या मालकाचं एक भावंड माझ्या नजरेत आहे. नाव तुलाही सांगणार नाही, अशिलाचं गुपित. ते आपल्या हद्दीतल्या पाण्यात आलं पाहिजे, बस्स. हद्दीबाहेर माझ्या हुकुमाला कुत्रंही विचारत नाही.

कुत्र्यावरून आठवलं. तुझी दातवाली भेटली. दातांची डॉक्टर असून ही मुलगी भूल न देता बोलते. म्हणाली, "मावशी, दोनदा तारीख हुकली. एकदा हा वादळात अडकला, एकदा याच्या जागी दुसरा माणूसच आला नाही. एकवीस मार्चला आला नाही तर मी रजिस्ट्रारकडे जाऊन एकटीच सही करीन आणि येताना कुत्रं घेऊन येईन." मला मुलगी फार आवडलीय. तेव्हा वेळेवर ये.

तुझी
वकीलमावशी

ता. क. जन्मभर जहाजं पकडली, पण अजून एकावरही पाय ठेवलेला नाही, असं आमचे कारकून सगळ्यांना सांगत सुटलेत. सांगू देत. मला झोपाळ्यावर बसलं तरी ढवळतं.


१५ फेब्रुवारी
जहाजावरून

ती. वकीलमावशीस,

साष्टांग नमस्कार. जहाज एवढं डोलतंय की साष्टांग आपोआपच घडतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या पंपमनचा भाग तर तिसऱ्यांदा वाचला. तुटलेला दोर कसा येतो ते मी एकदा लांबून पाहिलंय. आवाज आधी येत नाही, दोरच आधी येतो. तुझा हा मालक तुला कधी सापडला तर माझ्या वतीनेही दोन शब्द सुनाव. पण सापडणार नाही. आम्हाला पगार एजन्सी देते, हुकूम मॅनेजर देतो. मालक म्हणजे आहे म्हणतात, एवढंच. मी आजवर एकही पाहिलेला नाही.

एक शंका. तू जहाज धरलंस की त्यावरच्या माणसांचं काय होतं? त्यांनी काय गुन्हा केलेला असतो? जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात तसं आहे हे. मी सध्या सुपात आहे, म्हणून विचारून घेतो.

माझ्या जहाजाची चौकशी करू नकोस, जहाज झकास आहे. पत्र नेहमीसारखं एजन्सीच्याच पत्त्यावर टाक, ते बरोबर पोचवतात. एक गंमत आहे, पण ती तुझ्या दारात उभा राहूनच सांगेन. आईलाही बोलू नकोस. दातवालीला मात्र सांग, कुत्र्याचं नाव शोधत बसू नकोस.

तुझा
ठोंब्या (पत्र या वेळी पुरेसं लांब आहे की नाही ते कळव)


२६ फेब्रुवारी
ऑफिसातून

चि. ठोंब्यास,

येतंय! येतंय रे ते, सरळ माझ्या तोंडात येतंय!

सकाळपासून चहा गार होऊन पडलाय. मोबाइलवर जहाजांचा नकाशा उघडून बसलेय. हिरव्या रंगाचा एक चिमुकला त्रिकोण, तोच माझा. कारकून म्हणाले, "बाई, त्याच्याकडे टक लावून बघितलं म्हणून ते लवकर येणार नाही." मी त्यांना बाहेर घालवलं.

मालक एकच आहे हेही हाती लागलं. कागदावर दोन जहाजांच्या दोन कंपन्या, नावं वेगळी, शिक्के वेगळे. पण दोन्हींचा पत्ता एक, खोली एक, आणि फोन उचलणारा माणूसही एकच. मी आधी एका कंपनीला फोन केला, मग दुसरीला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, आत्ताच तर तुम्ही बोललात!" मी त्याचे मनापासून आभार मानले.

नाव नाही सांगणार म्हटलं तर नाहीच सांगणार. पण असं ध्यान तू पाहिलं नसशील. खाद्यतेलाचा टँकर, अंग हिरवं, आणि माणसं राहतात ती मागची इमारत चक्क भोपळी रंगाची! असा रंग देणाऱ्याला वेगळी अटक व्हायला हवी. दहा मार्चच्या आसपास आपल्या बंदराबाहेर येईल, पिण्याचं पाणी भरायला. धाकधूक एवढीच, की ते इथे न थांबता तसंच पुढच्या बंदरात जाईल. तो देश वेगळा, कोर्ट वेगळं, आणि तिथे ते विकायचं ठरलंय अशी कुणकुण आहे. एकदा विकलं की भावंडाचं नातं तुटलं, माझं कलम लागू नाही. म्हणजे ही एकच संधी. पंपमनला मी अजून सांगितलेलं नाही. आशेला लावून मग रिकाम्या हाताने परत पाठवायची माझी छाती नाही.

तुझी शंका. माणसांना अटक नसते रे, अटक जहाजाला. पण जहाज ओस टाकता येत नाही, सांभाळण्यापुरती माणसं वर राहावीच लागतात, आणि बदली माणूस येईपर्यंत ती अडकतात. आठवडे जातात, कधी महिने. त्याला माझ्याकडे इलाज नाही. मी जहाजाकडे बघते, खिडक्यांतल्या चेहऱ्यांकडे बघत नाही. बघितलं तर हे काम होणार नाही.

हे पत्र वाचलंस की फाडून टाक. फार लिहून बसले. आनंद झाला की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

तुझी
वकीलमावशी


८ मार्च
जहाजावरून

मावशी,

आधी खाली बस.

तुझं पत्र एजन्सीच्या माणसाने काल बंदर सोडताना हातात दिलं. जहाज निघाल्यावर डेकवर वारा खात वाचत होतो. भोपळी रंगापर्यंत आलो आणि मागे वळून पाहिलं.

मावशी, मागची इमारत भोपळी आहे. अंग हिरवं आहे. पोटात खाद्यतेल आहे.

हीच माझी गंमत होती. इथला सेकंड ऑफिसर आजारी पडला म्हणून एजन्सीने महिन्याभरापूर्वी मला या जहाजावर हलवलं, आणि हे आपल्या बंदरात पाणी भरणार म्हणून मी कुणाला काही बोललो नाही. माझा बदली माणूस तिथेच चढणार, मी तिथेच उतरणार, आणि थेट तुझ्या दारात. तुझ्या आवडीचा चहाही घेऊन ठेवलाय.

आज सकाळी कप्तानसाहेबांनी विचारलं, "सेकंड, पाणी इथे घ्यायचं की पुढे? मॅनेजर म्हणतो, तुम्हीच ठरवा." मार्ग मी आखतो, म्हणून मला विचारलं. पुढे म्हणालो असतो तर पुढच्या बंदरात उतरून विमानाने एकवीसच्या आत सहज घरी पोचलो असतो. कुणाला काही कळलंही नसतं. तू नकाशावर त्रिकोण जाताना बघितला असतास आणि मला हळहळून पत्र लिहिलं असतंस.

मी नकाशावर बराच वेळ पेन्सिल धरून उभा होतो. खरं सांगतो, दातवालीचा चेहरा समोर होता. मग तो पंपमन आठवला, खिडकीकडे पाठ करून बसलेला.

"इथेच," मी म्हणालो. "टाक्या तळाला गेल्यात, आणि पुढे वारा वाढणार आहे." दोन्ही खरं होतं. तिसरं खरं होतं ते मी बोललो नाही.

हे पत्र कसं पाठवू? नांगर टाकेपर्यंत खिशात ठेवतो.

११ मार्च. तुझा बेलीफ आला. चांगला माणूस आहे, शिडी चढून धापा टाकत होता. त्याने कप्तानसाहेबांना हुकूम वाचून दाखवला आणि प्रत सुकाणूच्या खोलीच्या, ब्रिजच्या काचेवर चिकटवायला घेतली. त्याची चिकटपट्टी खाऱ्या हवेत धरेना, कागद फडफडायला लागला. मी स्टोअरमधून आमची जाड टेप आणून दिली आणि दोन कोपरे धरले. अर्जदाराची वकील म्हणून केलेली तुझी सही माझ्या नाकासमोर होती. हे पत्र त्याच्याच हाती देतोय.

सुपातला आता जात्यात.

ठोंब्या


११ मार्च
ऑफिसातून

अरे माझ्या राजा,

बेलीफाने पाकीट टेबलावर ठेवलं तेव्हा मी पेढे मागवायच्या गडबडीत होते. अक्षर ओळखलं. उभ्यानेच वाचलं, मग बसले. कारकुनांना वाटलं, हुकूम रद्द झाला.

मी काय केलं हे! तुझ्या आईच्या पोटच्या पोराला स्वतःच्या सहीने समुद्रात डांबून ठेवलं. आणि तू मूर्खा, टेप आणून दिलीस! हसू की रडू? दोन्ही केलं, आळीपाळीने.

आता नीट ऐक. फोन करू नकोस, मीही करणार नाही. मी जहाजाच्या विरुद्ध बाजूची वकील, तू जहाजाचा ऑफिसर. फोनवर काय ठरवलं असं उद्या कुणी विचारलं तर सांगता यायला हवं. सगळं कागदावर लिहू, पाण्याची लाँच टपाल नेते-आणते, आणि मी प्रत फाइलला लावीन. जज्जसाहेबांना वाचावंसं वाटलं तर वाचू देत, माझ्या "मूर्खा"सकट. आणि उद्या पहिली गोष्ट म्हणजे मी स्वतः कोर्टात उभी राहून हे नातं सांगणार आहे.

एक गोष्ट मला करता येणार नाही. "माझ्या भाच्याला तेवढं सोडा" असा अर्ज मी करणार नाही. तुझ्याबरोबर वर आणखी कितीतरी मावशांचे भाचे आहेत.

पंपमनला जहाज सापडल्याचं सांगितलं. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. तुझ्याबद्दल सांगितलं तेव्हा मात्र त्याने मान वर केली.

दातवालीकडे कोण जाणार? मीच जाते. आधी मला भूल दे म्हणावं तिला.

मावशी


१४ मार्च
जहाजावरून

मावशी,

बातमी बरी नाही. माझा बदली माणूस धक्क्यावरूनच परत गेला. अटकेतल्या जहाजावर चढायला त्याला वेड लागलंय का? नवा मिळेपर्यंत मी वरच.

कप्तानसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. तुझं माझं नातं, तुझं पत्र, आणि पाण्याचं मी जे बोललो ते. लपवून ठेवणं जमेना. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. टेबलावर मीठसुद्धा दुसऱ्याकडून मागायचे. आज सकाळी ब्रिजवर आले, काचेवरचा तुझा हुकूम पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि म्हणाले, "टाक्या खरंच तळाला गेल्या होत्या?" म्हटलं, हो. "वारा?" म्हटलं, काल बघितलात ना. मग म्हणाले, "मालक मी कधी पाहिला नाही, सेकंड. पंपमन आयुष्यभर पाहिलेत. पण पुढच्या वेळी मला सांग. मला विचारलं असतंस तर मीही इथेच म्हणालो असतो."

खलाशांचा मुकादम, आमचा बोसन, मला दोर दाखवायला घेऊन गेला. सगळे कोरे करकरीत. भावंडावर अपघात झाल्यावर या जहाजाला नवे मिळाले.

दातवाली काय म्हणाली ते लिही. काहीही असलं तरी लिही.

ठोंब्या


१७ मार्च
ऑफिसातून, पण मन हवेत

ठोंब्या, ठोंब्या, ठोंब्या!

क्रमाने सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

कोर्ट. मी आधीच नातं सांगून टाकलं. न्यायमूर्तीबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "वकीलबाई, अटक जहाजाला आहे, भाच्याला नाही. पुढे बोला." समोरचे वकील उठले. मालक एक नाहीच म्हणाले. मी फोन उचलणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली, शपथेवर. कोर्ट हसलं, तेही हसले. मग त्यांनी खरं अस्त्र काढलं: जहाज नांगरलंय ते हद्दीबाहेर, म्हणून अटकच बेकायदा! पण बंदर अधिकाऱ्याने रडारवरची जागा दाखवली. बाईंनी निकाल दिला: जहाज हद्दीत आहे. अटक कायम! मी बाहेर येऊन जिन्यावर उड्या मारल्या. या वयात. कारकून साक्षीदार आहेत.

आता दातवाली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याने खरंच 'इथेच' म्हटलं? लग्नाची तारीख माहीत असून?" मी म्हटलं, हो. तशी म्हणाली, "मग मला हाच हवा. पण त्याला तुम्ही पकडलंत, तेव्हा लग्नही आता तुम्हीच लावा." आणि पर्स उचलून पेशंट बघायला निघून गेली!

ठोंब्या, त्याच रात्री अंथरुणात मी ताडकन उठून बसले. रजिस्ट्रारला कचेरीबाहेर जाऊन लग्न लावता येतं, जादा फी भरली की झालं. फक्त जागा त्याच्या हद्दीत हवी. आणि जहाज कुणाच्या हद्दीत आहे हे तर कोर्टानेच सांगितलंय!

सकाळी रजिस्ट्रारच्या दारात उभी. तो म्हणाला, "बाई, समुद्र माझ्याकडे येतो का?" मी निकाल पुढे केला. त्याने तो चष्म्यावरून वाचला, चष्म्याखालून वाचला, आणि विचारलं, "बोट लागते का हो फार?" मी म्हटलं, मला विचारू नका. एकवीसलाच येतोय तो!

(कप्तान लग्न लावू शकतो असं तुझ्या आईला वाटतं. कुठल्यातरी सिनेमात पाहिलं म्हणे. तिला समजावता समजावता माझा घसा बसला.)

साक्षीदार तीन लागतात. एक तुझी आई. दुसरे कप्तानसाहेब, त्यांची हरकत नसेल तर. तिसरा पंपमन. मी नाही बोलावलं, तो स्वतःच म्हणाला. "माझ्या पायापायी त्यांचं अडकलं. सही मी करणार." मी म्हटलं, अरे, समुद्रावर जायचंय. म्हणाला, "माहीत आहे." बघू. धक्क्यापर्यंत आला तरी पुष्कळ.

म्हणजे मलाही यावं लागणार. हे वाक्य लिहितानाच ढवळतंय.

कप्तानसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि परवानगी विचार.

मावशी


१८ मार्च
जहाजावरून

मावशी,

लाँच खाली थांबलीय, म्हणून घाईत. कप्तानसाहेब तुझं पत्र वाचून एवढे हसले की स्टुअर्ड बघायला आला. म्हणाले, "ज्या बाईने माझं जहाज पकडलं तिला बघायचंच आहे मला." परवानगी आहे. बोसनने तुझ्यासाठी आणि पंपमनसाठी क्रेनची बास्केट काढलीय, माणसं उचलायची जाळीची. तुला शिडी चढावी लागणार नाही. फक्त हवेतून यावं लागेल.

मी रंगाचा ब्रश घेऊन कठडे रंगवतोय. भोपळीच आहे, दुसरा रंगच नाही.

ठोंब्या


२३ मार्च
घरून, अंथरुणातून

माझ्या लग्न झालेल्या ठोंब्या,

अजून जमीन हलतेय. काल दिवसभर लिंबू चोखत पडून होते. पण आज बातमी अशी आहे की उठून बसले: जहाजाच्या विमावाल्यांनी हमी दिली. आमचा दावा पुरेपूर भागेल एवढी, आणि शस्त्रक्रियेचा खर्च तर निकालाआधीच. आता खटला कितीही चालो, पळायला जागा नाही. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. गुडघा वाचेल म्हणतात! तुमच्या जहाजाची सुटका आजच झाली. समोरच्या वकिलांनी फोन केला आणि म्हणाले, "बाई, हद्दीचा मुद्दा काढून मीच तुमच्या भाच्याचं लग्न लावलं की हो!" मी म्हटलं, तुम्हाला पेढे पाठवते.

लग्न मला किती दिसलं सांगू? दातवाली शिडीवरून सरसर चढली, तिच्यामागे तुझी आई, पंचविशीतली असल्यासारखी. एवढं पाहिलं. लाँचमध्ये मी पिशवीत तोंड घालून होते आणि रजिस्ट्रार माझ्या शेजारी त्याच्या पिशवीत. पंपमन लाकडी फळीकडे बघत बसला होता, मान वर नाही. मग ती बास्केट आली. त्यानंतर मी डोळे मिटले ते डेकवर टेकेपर्यंत. परतताना पुन्हा मिटले ते घरीच उघडले. आयुष्यात एकदा जहाजावर गेले आणि निम्मं पाहिलंच नाही.

तेव्हा सांग. मी हवेत लटकत असताना काय झालं? आणि फोनवर नको, तू "काही नाही, आलात वर" एवढंच म्हणशील. लिही.

तुझी
मावशी (आता सासूही झाले जवळजवळ)


२९ मार्च
पुढच्या बंदरातून

ती. मावशीस,

नवरदेवाचा नमस्कार. बदली माणूस इथे चढलाय, उद्या मी उतरतोय आणि परवा घरी. म्हणजे हे पत्र माझ्यामागून पोचेल. तरी लिहितो, कारण तू म्हणतेस ते खरं आहे, समोर बसलो की मी काही बोलणार नाही.

बास्केट लाँचवर उतरली तेव्हा तू तिच्या दोऱ्या धरून डोळे मिटून उभी राहिलीस. पंपमन आत आला नाही. कुबडीवर उभा राहून त्याने वर बघितलं, क्रेनकडे, आणि ओरडला, "दोर कधी बदललाय?"

बोसन वरून ओरडला, "अपघातानंतर! नवा आहे!"

"दाखव!"

कुणी हसलं नाही, मावशी. बोसनने बास्केट तशीच ठेवली आणि दोर ढिला सोडत सोडत त्याच्या हातापर्यंत खाली आणला. पंपमनने तो दोर हाताने चाचपला, खालपासून जिथवर हात पोचत होता तिथवर, सावकाश, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. मी वरून कठड्याला धरून बघत होतो. माझ्या हाताला ओला भोपळी रंग लागला, लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो आहे. मग तो आत आला. एक हात त्याने तुझ्या पाठीवर ठेवला, तुला तो कठडा वाटला असेल. दुसरा हात वर केला, बोट गोल फिरवलं, आणि क्रेन उचलायला लागली. अख्ख्या वाटेत खुणा त्यानेच केल्या. सावकाश, डावीकडे, थांब, सोड. बोसन म्हणाला, इतक्या स्वच्छ खुणा कुणी केलेल्या नाहीत.

डेकवर टेकल्यावर तू मला मिठी मारून रडलीस, तेवढं तुला आठवत असेल. तो मात्र आधी जहाज बांधायचा दोर गुंडाळतात त्या विंचपाशी गेला. तिच्यावर एकदा हात ठेवला आणि मग सही करायला आला. दातवालीने त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. कप्तानसाहेबांनी स्वतःच्या कॅबिनमधली खुर्ची दिली होती.

आता शेवटचं, जे तुला सांगण्यासाठी मी एवढं लिहिलं. जाताना तुम्ही दोघं पुन्हा बास्केटमध्ये चढलात. तू डोळे मिटलेस, तोंड माझ्याकडे. बास्केट कठड्यावरून बाहेर गेली तेव्हा त्याने तिथल्या तिथे, दोरी धरून, हळूहळू स्वतःला वळवलं. जाताना तो समुद्राकडे तोंड करून उभा होता, मावशी.

तुझा
ठोंब्या